आपण उभे कोठे आहोत? सामायिक संगणकातील दालनांची कथा

श्रोतेहो, कोणत्याही जुन्या संस्थानाच्या दप्तरखान्यात पाऊल टाकले म्हणजे माणूस प्रथम गोंधळून जातो. चहूकडे कापडात बांधलेले रुमाल, रुमालांत पुडकी आणि पुडक्यांत कागद. पुण्याच्या पेशवे दप्तरातील एखाद्या कागदाचा ठावठिकाणा लिहावयाचा तर अभ्यासक आधी दप्तराचा, मग रुमालाचा व मग पुडक्याचा निर्देश करतात. एवढा पत्ता लिहिल्याखेरीज कागद सापडत नाही. परंतु तोच रुमाल सोडून त्याच्यासमोर बसलेल्या कारकुनाला मात्र "तिसऱ्या पुडक्यातील वरचा कागद द्या" एवढे म्हटले तरी पुरते. सारा पत्ता सांगण्याची गरज उरत नाही, कारण दोघेही एकाच ठिकाणी बसले आहेत हे दोघांनाही ठाऊक असते. थोडक्यात बोलता येते ते या समान ठिकाणामुळे. मात्र कारकून एका रुमालासमोर आणि सांगणारा मनाने दुसऱ्याच रुमालासमोर असला, तर त्याच थोड्या शब्दांनी अनर्थ ओढवतो.

आज मी ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे, तिचे सारे मर्म या दप्तरखान्याच्या दाखल्यात आले आहे. अनेक माणसे एकाच वेळी वापरीत अशा मोठ्या संगणकावर, म्हणजे मेनफ्रेमवर, प्रत्येकाचे कागद ठेवण्यासाठी निरनिराळी दालने कशी निर्माण झाली, एका दालनातून दुसऱ्यात जाण्याची आज्ञा कशी घडली आणि त्या साध्या आज्ञेने जाणत्या शास्त्रज्ञांनाही कसे चकविले, त्याची ही हकीगत आहे.

ही हकीगत मला जवळची का वाटते, ते आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत शिकवीत असताना निकालाचे संगणकावरील काम माझ्याकडे होते. नाताळाच्या सुटीपूर्वी सहामाही परीक्षेचे गुण भरून झाले होते. जागा मोकळी करावी म्हणून गेल्या वर्षीच्या फाईली पुसून टाकण्याचे मी ठरविले. गेल्या वर्षाचे आणि चालू वर्षाचे अशी दोन दालने होती व दोहोंतील फाईलींची नावे तंतोतंत सारखी होती. ती नावे मीच ठेवलेली. मी पुसण्याची आज्ञा दिली आणि यंत्राने ती मुकाट्याने पाळली. नंतर ध्यानात आले की मी उभी होते ती चालू वर्षाच्या दालनात. पडद्याच्या डाव्या कडेला त्या दालनाचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. दोन तुकड्यांचे गुण नाहीसे झाले. एका सहकारी बाईंच्या मदतीने रात्री उशिरापर्यंत बसून कागदी याद्यांवरून ते पुन्हा भरले. एका विषयाची यादी कोणी जपून ठेवलीच नव्हती. त्या विषयाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडून प्रत्येक मुलाच्या गुणांची बेरीज नव्याने करावी लागली. त्या रात्रीपासून, हे दालनांचे प्रकरण मुळात कोणी व कशासाठी काढले, हे जाणून घेण्याची मला उत्सुकता लागली.

या कथेचा आरंभ १९६१ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात होतो. त्यापूर्वीचे संगणक एका वेळी एकाच माणसाचे काम करीत. काम सांगण्याची रीत अशी होती, की आपला कार्यक्रम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरावयाचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यावयाचा आणि आपली पाळी येऊन उत्तर हाती पडेपर्यंत वाट पाहत बसावयाचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या पिढीच्या यंत्रांवर काम केलेल्या मंडळींना कार्डांचे गठ्ठे चांगलेच आठवत असतील. एक स्वल्पविराम चुकला तरी सारा फेरा पुन्हा घालावा लागे. यंत्राचा वेळ महाग आणि माणसाचा वेळ स्वस्त, असा त्या काळचा हिशेब होता.

फर्नांडो कॉर्बाटो या शास्त्रज्ञाला तो हिशेब पटला नाही. माणूस विचार करतो किंवा टंकलेखन करतो तेवढ्या अवकाशात यंत्र रिकामे बसते; तर मग त्या अवकाशात त्याने दुसऱ्याचे काम का करू नये, असा त्याचा प्रश्न होता. यंत्राने प्रत्येकाला क्षणक्षण वाटून द्यावा, म्हणजे प्रत्येकाला संगणक आपल्या एकट्याचाच आहे असे भासेल, ही त्यामागील कल्पना. कॉर्बाटो आणि त्याचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएम ७०९ या यंत्रावर तिचे प्रात्यक्षिक करून दाखविले. या व्यवस्थेचे नाव कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम, संक्षेपाने सीटीएसएस. पुढे आयबीएम ७०९४ या अधिक समर्थ यंत्रावर ती चालू लागली आणि सुमारे तीस माणसे एकाच वेळी तिच्यावर काम करू लागली.

एका घरात तीस कुटुंबे राहावयास आली म्हणजे पहिला प्रश्न भिंतींचा निघतो. सीटीएसएसमध्येही तसेच झाले. प्रत्येकाच्या फाईली यंत्राच्या साठ्यात राहू लागल्या. त्या एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र डिरेक्टरी देण्यात आली. डिरेक्टरी या शब्दाचा मूळ अर्थ नामावली. वस्तुतः यंत्रातही ती एक यादीच असते: अमुक नावाची फाईल साठ्यात अमुक ठिकाणी आहे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. दालन हा आपण आपल्या सोयीसाठी केलेला अलंकार आहे. सीटीएसएसमध्ये एक प्रमुख यादी होती आणि तिच्या खाली प्रत्येक वापरकर्त्याची एकेक यादी, अशी ही रचना दुमजली होती. कोणी कोणाच्या खोलीत शिरू नये म्हणून प्रवेशाच्या वेळी गुप्त परवलीचा शब्द विचारण्याची पद्धतही याच व्यवस्थेत रूढ झाली. आज प्रत्येकाच्या डोक्याला ताप देणारा पासवर्ड तो हाच.

परंतु माणसांना केवळ भिंती नको असतात. एकत्र काम करण्यासाठी दिवाणखानाही हवा असतो. एकाच कामावर असलेल्या मंडळींना सामायिक कागद ठेवता यावेत म्हणून सीटीएसएसमध्ये सामायिक डिरेक्टऱ्या होत्या, आणि आपल्या खोलीतून उठून त्या सामायिक खोलीत जाण्यासाठी एक आज्ञा होती. दालन बदलण्याच्या आज्ञेचा हा एक आद्य अवतार म्हणता येईल. खाजगी आणि सामायिक या दोन्ही गरजा मान्य केल्या, की त्यांच्यामधील दरवाजाही करावा लागतो, हे येथे प्रथम दिसून आले.

या दरवाजाने पुढे एके दिवशी मोठीच फजिती केली. १९९० सालचा ट्यूरिंग पुरस्कार कॉर्बाटो यांना मिळाला; त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच ही गोष्ट सांगितली आहे. सीटीएसएसवर मजकूर दुरुस्त करणारा एक कार्यक्रम होता. काम चालू असताना तो एका तात्पुरत्या फाईलीत मजकूर ठेवी आणि त्या फाईलीचे नाव नेहमी एकच असे. त्यात काही बिघडत नव्हते, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करील, असे गृहीत धरलेले होते. पुढे व्यवस्था सांभाळणाऱ्या मंडळींच्या सोयीसाठी त्यांच्या डिरेक्टरीपुरता हा नियम सैल करण्यात आला. मग एके दिवशी दोन व्यवस्थापक त्या एकाच दालनात एकाच वेळी दोन निरनिराळ्या फाईली दुरुस्त करीत बसले. एकाच्या हाती होती सर्वांना दाखवावयाची त्या दिवसाची सूचना, दुसऱ्याच्या हाती सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी. तात्पुरत्या फाईलीचे नाव एकच असल्यामुळे दोघांचे मजकूर अदलाबदल झाले. परिणाम असा झाला, की त्यानंतर जो जो यंत्रावर प्रवेश करी, त्याच्यासमोर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी साऱ्यांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले.

दोघांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता, एकाकडूनही हयगय झाली नव्हती. दोघे एकाच दालनात उभे होते आणि दोघेही एकच नाव उच्चारीत होते, एवढाच काय तो अपराध. माझ्या शाळेतील दोन दालनांत एकाच नावाच्या फाईली होत्या. येथे एकाच दालनात एकाच नावाखाली दोन माणसांचे काम चालले होते. नाव आणि ठिकाण यांची फारकत झाली, की अनर्थ दोन्ही वाटांनी येतो.

सीटीएसएसची दुमजली रचना अपुरी आहे, हे तिच्या कर्त्यांना लवकरच कळून चुकले. १९६३ साली त्या विद्यापीठात प्रोजेक्ट मॅक नावाचा मोठा उपक्रम सुरू झाला होता. त्यातून मल्टिक्स या नव्या व्यवस्थेची योजना पुढे आली. विद्यापीठ, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा हे तिचे तीन भागीदार. वीज किंवा पाणी जसे घरोघर मिळते, तशी गणनशक्ती साऱ्या नगराला मिळावी, हे त्यांचे स्वप्न होते. १९६५ साली एका परिषदेत मल्टिक्सविषयी सहा निबंध सादर झाले. त्यांतील एक निबंध विद्यापीठाचे रॉबर्ट डेली आणि बेल प्रयोगशाळेचे पीटर न्यूमन यांनी लिहिला होता व त्याचा विषय फाईलींची व्यवस्था हा होता. आज आपण संगणकावर जी फोल्डरची उतरंड पाहतो, तिची सांगोपांग मांडणी त्या निबंधात आढळते.

डेली व न्यूमन यांनी असे मांडले, की डिरेक्टरी ही स्वतः एक फाईलच मानावी. म्हणजे तिच्यात जशी फाईलींची नावे, तशी दुसऱ्या डिरेक्टऱ्यांचीही नावे असू शकतील. त्यांच्या पोटात आणखी डिरेक्टऱ्या, आणि असेच खोल खोल. साऱ्यांच्या वर एक मूळ डिरेक्टरी. मूळ वर आणि फांद्या खाली असा हा वृक्ष पाहून आपल्याला गीतेतील उलट्या अश्वत्थाची आठवण व्हावी. मुळापासून निघून वाटेतील प्रत्येक फांदीचे नाव घेत फाईलीपर्यंत पोहोचले, की तिचा संपूर्ण पत्ता तयार होतो. दोघांच्या फाईलींची नावे सारखी असली तरी पत्ते निराळे राहतात.

पण या सोयीबरोबर एक गैरसोय आली. मल्टिक्समध्ये एका नावाला ३२ अक्षरांपर्यंत मुभा होती, वृक्षाची खोली १६ पायऱ्यांपर्यंत जाऊ शके आणि संपूर्ण पत्ता १६८ अक्षरांपर्यंत लांबू शके. त्या काळी संगणकाशी बोलण्याचे साधन म्हणजे टंकलेखन यंत्रासारखे टर्मिनल. ते सेकंदाला दहा ते पंधरा अक्षरे छापी. सर्वांत लांब पत्ता नुसता छापावयासच अकरा ते सतरा सेकंद लागत. माणसाच्या बोटांना किती लागत असतील याची कल्पनाच करावी. दर वेळी घरून निघाल्यापासूनची वाट सांगत बसले, तर काम कधी व्हावयाचे?

यावर त्याच निबंधात उपाय होता. प्रत्येक वापरकर्ता कोणत्याही क्षणी कोणत्या तरी एका डिरेक्टरीत काम करीत आहे असे मानावे. तिला वर्किंग डिरेक्टरी, म्हणजे चालू कामाचे दालन, म्हणावे. त्याने नुसते नाव घेतले, तर ते त्या दालनातील समजावे. दप्तरखान्यातील कारकुनाला "तिसरे पुडके" म्हणून सांगण्यासारखेच हे झाले. आता उरली ती एका दालनातून दुसऱ्यात जाण्याची आज्ञा. प्रत्यक्ष मल्टिक्समध्ये तिचे नाव पडले चेंज-डब्ल्यूडीर, संक्षेपाने सीडब्ल्यूडी. आपण कोठे आहोत हे विचारण्याची आज्ञा प्रिंट-डब्ल्यूडीर, संक्षेपाने पीडब्ल्यूडी. आपल्याकडे पीडब्ल्यूडी म्हटले की सार्वजनिक बांधकाम खाते आणि त्याचे डाकबंगले डोळ्यांपुढे येतात, संगणकाच्या जगात मात्र ती तीन अक्षरे "मी कोठे आहे?" एवढेच विचारतात.

मल्टिक्सवर प्रवेश करताना माणूस आपले नाव आणि आपल्या कामाचे, म्हणजे प्रकल्पाचे, नाव सांगे. मग तो उतरे तो स्वतःच्या घरात. मूळ डिरेक्टरीखाली सर्व वापरकर्त्यांचे एक मोठे दालन, त्यात प्रकल्पाचे दालन आणि त्यात त्या व्यक्तीचे, असा त्या घराचा पत्ता असे. पत्त्यातील पायऱ्या वेगळ्या करण्यासाठी गणितातील 'पेक्षा मोठा' हे चिन्ह वापरीत आणि एक पायरी वर जावयाचे असेल तर 'पेक्षा लहान' हे. शेजारच्या दालनातील सहकाऱ्याकडे जावयाचे, तर एक पायरी वर चढून त्याच्या नावाने पुन्हा खाली उतरावे. सीडब्ल्यूडी ही आज्ञा कोणताही पत्ता न देता नुसतीच दिली, तर माणूस आपल्या नेमून ठेवलेल्या दालनात, बहुधा आपल्या घरी, परत येई. वाट चुकलेल्याने मुकाट्याने घर गाठावे, अशी ही माणुसकीची सोय होती.

सीटीएसएसमधील परवलीच्या शब्दांच्या फजितीवरचा उपायही मल्टिक्सच्या रचनेत होता. माणूस कामास बसला की यंत्र त्याच्या त्या बैठकीपुरते एक खाजगी तात्पुरते दालन निर्माण करी आणि बैठक संपताच ते मोडून टाकी. तात्पुरत्या फाईली तेथे ठेवाव्यात. दोन माणसे एकाच सामायिक दालनात उभी राहिली तरी त्यांची कच्ची टाचणे ज्याच्या त्याच्या खिशात राहत, तसेच हे.

श्रोतेहो, येथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. दुसऱ्याच्या दालनात जाऊन उभे राहिल्याने त्या दालनाची सत्ता आपल्याकडे येते काय? या प्रश्नाला त्या काळी दोन निरनिराळी उत्तरे दिली गेली. टेनेक्स नावाची एक व्यवस्था १९७० च्या सुमारास तयार झाली. तीत कनेक्ट अशी आज्ञा होती. दुसऱ्याच्या डिरेक्टरीशी जोडून घ्यावयाचे तर सामान्यतः तिचा परवलीचा शब्द सांगावा लागे आणि एकदा जोडून घेतले, की आत मालकासारखे वागता येई. किल्ली दाखवावी आणि घर ताब्यात घ्यावे, असा तो प्रकार. मल्टिक्सचे उत्तर वेगळे होते. तेथे प्रत्येक फाईलीबरोबर एक यादी असे: अमक्याने वाचावी, अमक्याने लिहावे, इतरांना मज्जाव. फाईलीला हात लावताना ही यादी पाहिली जाई. माणूस कोणत्या दालनात उभा आहे याला तेथे किंमत नव्हती. दालन बदलल्याने वाट जवळ होई, अधिकार वाढत नसे.

मला हे दुसरे उत्तर अधिक शहाणपणाचे वाटते. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी उभी राहिले म्हणून त्यांच्या सहीचा अधिकार मला येत नाही, आणि त्यांच्या टेबलावरचे पत्र वाचण्याचाही येत नाही. उपस्थिती आणि अधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समाजात पुष्कळदा त्यांची सरमिसळ होते. यंत्र रचणाऱ्यांनी ती होऊ दिली नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही मल्टिक्समध्ये धोका राहिला तो राहिलाच. एखाद्या कार्यक्रमाचे नाव उच्चारले, की यंत्र तो ठरलेल्या क्रमाने शोधी. त्या क्रमात चालू दालनाचा क्रमांक व्यवस्थेच्या ग्रंथसंग्रहाच्या आधी येई. एखाद्या खोडसाळ माणसाने आपल्या दालनात नेहमीच्या आज्ञेच्याच नावाचा खोटा कार्यक्रम ठेवला आणि आपण त्याच्या दालनात उभे राहून ती आज्ञा दिली, तर काम होई ते त्याच्या कार्यक्रमाचे. आणि ते होई आपल्या अधिकाराने. तेव्हा परक्या घरात गेल्याने आपला अधिकार वाढत नसला तरी आपली जोखीम मात्र वाढते.

मल्टिक्सचे काम लांबत गेले. एप्रिल १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळा त्यातून बाहेर पडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विद्यापीठात मल्टिक्स सर्वांसाठी खुले झाले. इकडे बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन व डेनिस रिची यांना अशा व्यवस्थेची चटक लागली होती. ती गेल्याची हुरहुर त्यांना स्वस्थ बसू देईना. पीडीपी-७ या एका लहानशा यंत्रावर त्यांनी आपली छोटी व्यवस्था उभारली. तिचे युनिक्स हे नावसुद्धा मल्टिक्सवरील कोटीच होती. वृक्षाची कल्पना, चालू दालनाची कल्पना या साऱ्या गोष्टी त्यांनी घेतल्या. मात्र आरंभीच्या युनिक्समध्ये लांब पत्ता लिहिण्याची सोयच नव्हती. नाव घ्यावयाचे ते चालू दालनातीलच. त्यामुळे दालन बदलण्याची चेंज-डिरेक्टरी, म्हणजे सीएचडीर, ही आज्ञा तेथे अगदी जीवनावश्यक होती.

आणि हीच आज्ञा एके दिवशी चालेनाशी झाली. ही हकीगत रिची यांनी १९७९ साली लिहिलेल्या युनिक्सच्या इतिहासात मोठ्या मौजेने सांगितली आहे. पूर्वी एका टर्मिनलामागे यंत्रात एकच प्रक्रिया चाले. पुढे त्यांनी सुधारणा केली, की प्रत्येक आज्ञेसाठी मूळ प्रक्रियेने एक नवी प्रक्रिया, जणू आपले एक अपत्य, जन्मास घालावे. अपत्याने काम करावे आणि संपावे. सुधारणा सुंदर होती. पण तिच्यानंतर सीएचडीर दिली, तरी माणूस होता तेथेच राहू लागला. चूक काय, हे शोधण्यासाठी कार्यक्रमाच्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या गेल्या. शेवटी उलगडा झाला. चूक कोठेच नव्हती! आज्ञा मिळताच अपत्य जन्मास येई, आज्ञेप्रमाणे इमानाने दुसऱ्या दालनात जाई आणि तेथेच त्याचा अंत होई. पिता मात्र जागचा हललेलाच नसे. मुलगा तीर्थयात्रेस गेला म्हणून बापाची यात्रा घडत नाही.

उपाय एकच होता: ही आज्ञा अपत्याला न सांगता पित्याने, म्हणजे आज्ञा स्वीकारणाऱ्या मूळ कार्यक्रमाने, स्वतः पाळावी. तसे करण्यात आले आणि आजतागायत तेच चालू आहे. पुढे १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत या आज्ञेला सीडी हे दोन अक्षरांचे रूप मिळाले आणि जगभर तेच रूढ झाले.

घरगुती संगणकांकडे हा वारसा थोडा उशिरा आला. १९८१ साली आलेल्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत दालनांची उतरंड नव्हती. १९८३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली आणि तिच्याबरोबर सीडी ही आज्ञाही आली. युनिक्समध्ये पायऱ्या वेगळ्या करण्यास तिरपी रेघ वापरीत. डॉसमध्ये ती रेघ आधीच दुसऱ्या कामास गुंतलेली होती, म्हणून उलट्या बाजूस झुकलेली रेघ घ्यावी लागली. त्या दोन रेघांचा घोळ आजही निस्तरलेला नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी संगणक शिकावयास गेले, तेव्हा पहिल्याच तासाला आमच्या सरांनी फळ्यावर एक उलटा वृक्ष काढला होता आणि सीडी ही आज्ञा लिहिली होती. ती आज्ञा मूळ किती माणसांच्या सामायिक संसारातून आली आहे, हे तेव्हा कोणास ठाऊक होते? आमच्या यंत्रापुढे तर एकच खुर्ची होती.

मल्टिक्सचा शेवटचा संगणक कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद करण्यात आला. कॉर्बाटो २०१९ साली निवर्तले. यंत्रे गेली, माणसे गेली. पण त्यांनी घातलेली दालने आपल्या साऱ्यांच्या यंत्रांत शिल्लक आहेत. मात्र अलीकडे ती दृष्टिआड होत चालली आहेत. फोनवर फोटो काढला की तो कोठे जाऊन बसतो, हे विचारण्याची वेळच येत नाही. वर्गात मी एखाद्या मुलाला विचारते, "बाळ, फाईल कोठे ठेवलीस?" तो उत्तर देतो, "बाई, कॉम्प्युटरमध्ये!" त्याचे चुकते असे म्हणवत नाही, त्याला दालने कोणी दाखविलीच नाहीत. परंतु आता पुन्हा आम्ही सात-आठ शिक्षक दूरच्या यंत्रावरील एकाच सामायिक दालनात निकालाची कामे करू लागलो आहोत. कोणी कोणाच्या फाईलीवर फाईल ठेवतो, कोणी नाव बदलतो, आणि मला त्या दोन व्यवस्थापकांची अदलाबदल झालेली यादी आठवते.

म्हणून दर वर्षी नव्या वर्गाला मी आधी पुसण्याची आज्ञा शिकवीत नाही, लिहिण्याचीही नाही. प्रथम शिकविते ती "मी कोठे आहे?" हे विचारण्याची. मुले हसतात, म्हणतात, बाई, आम्ही तर वर्गातच आहोत. हसू द्यावे. आणि मी स्वतः, निकालाच्या दिवसांत, बोट कळीवर ठेवण्यापूर्वी, पडद्याच्या डाव्या कडेचा मजकूर मोठ्याने वाचते. सहकाऱ्यांना ते चमत्कारिक वाटते. पण उत्तरपत्रिकांचे ते गठ्ठे मी अद्याप विसरलेले नाही.